रॉक्याचा संमतीचा कागद

माझ्याकडे एक विनोद होता. कुत्र्याचा मालक पुरुष असला आणि मी नसबंदीचा विषय काढला, की तो माणूस खुर्चीत सावरून बसायचा, एका पायावर दुसरा पाय टाकायचा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागायचा. मग मी म्हणायचो, "अहो, त्याचं करायचंय, तुमचं नाही." मालक हसायचा, त्याची बायको त्याच्याहून जास्त हसायची आणि माझं निम्मं काम तिथंच व्हायचं. हा विनोद मी किती वेळा वापरला याची गणती नाही. आता वापरत नाही. का ते सांगायला बसलो आहे.

मी जनावरांचा डॉक्टर. सगळी नोकरी सरकारी दवाखान्यांत झाली. सुरुवातीची वर्षं पिशोरला, नंतर खुलताबादला आणि मग बदलीच्या वाऱ्यावर इकडंतिकडं. गाय, म्हैस, बैल, शेळी हे आमचं राज्य. कुत्रं आमच्याकडं यायचं ते कोणाला चावलं म्हणून किंवा कोणी त्याला चावलं म्हणून. निवृत्त झाल्यावर घरात माझा उपद्रव व्हायला लागला, तेव्हा शहरात मिलिटरी छावणीच्या बाजाराजवळ एक गाळा घेऊन लहान जनावरांचा दवाखाना काढला. जुने सहकारी चिडवतात की बैलांचा डॉक्टर शेवटी कुत्र्यांच्या मागं लागला. चिडवोत बापडे. त्यांच्या गावांत तरी आता बैल किती उरलेत, ते त्यांनी मोजून सांगावं.

तरुण वाचकांसाठी थोडं सांगतो. गोऱ्हा औताला धरायचा असेल तर त्याला आधी खच्ची करतात, नाहीतर तो गाईंच्या मागं पळतो, मारका होतो, जोडीच्या बैलाशी जमवून घेत नाही. पूर्वी हे काम दगडानं ठेचून व्हायचं. त्याचं वर्णन दिवाळी अंकात नको. आमच्या काळात मोठा लोखंडी चिमटा आला. कातडीला जखम न करता आतली नस त्यानं दाबून टाकायची. रक्त नाही, टाके नाहीत, मिनिटभराचं काम. एका सकाळी मी पंधरा-पंधरा गोऱ्हे उरकलेले आहेत आणि त्यानंतर हात धुऊन मजेत चहा प्यायलेलो आहे. गोऱ्ह्याला काय वाटलं असेल, हा प्रश्न मला पडला नाही. पडला असता तर नोकरी करता आली नसती.

या कामाचाही आकडा असायचा. वर्षाला इतकी खच्चीकरणं झाली पाहिजेत, असं वरून यायचं आणि मार्च उजाडला की वरच्या साहेबांचे फोन सुरू व्हायचे. एका मार्चअखेरीस पिशोरला आमचे चार कमी पडत होते. बाजाराचा दिवस होता. दवाखान्याच्या आवारात कडुलिंबाखाली चार गोऱ्हे बांधलेले. तिघांचे मालक हजर, चौथ्याजवळ कोणी नाही. शेजारी उभा असलेला माणूस म्हणाला, करून टाका साहेब, ह्याची मालकीण बाजारात गेलीय, तिला काय विचारायचं, करायचंच आहे की. आम्ही करून टाकलं. रजिस्टरात मालकाच्या संमतीचा रकाना होता. तिथं आमच्या मलमपट्टी करणाऱ्या ड्रेसरनं 'घेतली' असं लिहिलं आणि खाली मी सही ठोकली. आकडा पुरा झाला.

तासाभरानं मालकीण आली. बाजार करून आलेली, डोक्यावर पाटी. तिनं गोऱ्हा आणला होता जंताच्या औषधाला. घरच्या चांगल्या दुधाच्या गाईचं ते खोंड होतं आणि वळू म्हणून ठेवायचं तिच्या मनात होतं. आम्ही तिला काय झालं ते सांगितलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं कासरा सोडला, गोऱ्ह्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "इचारायचं तर व्हतं, साहेब." मग निघून गेली. पुढं कित्येक वर्षं हा किस्सा मी बैठकीत रंगवून सांगत असे. 'आकड्यात बसलेला गोऱ्हा' असं मी त्याला नाव दिलं होतं. लोक पोट धरून हसायचे.

कुत्र्यांच्या दवाखान्यात आल्यावर कळलं की इथं नियम वेगळे आहेत. बैलाच्या बाबतीत ज्याच्या कपाळाला आठी पडत नाही, तोच माणूस कुत्र्याच्या बाबतीत हळवा होतो. पिशोरकडचे एक बागाईतदार आहेत, त्यांना सगळे बापूसाहेब म्हणतात. त्यांनी शहराबाहेर लॅब्रॅडॉर कुत्र्यांचं केनल काढलं आहे, म्हणजे पिल्लं काढून विकण्याचा धंदा. पूर्वी त्यांच्याच घरचे गोऱ्हे मी खच्ची केलेले. एकदा त्यांना म्हटलं, तुमचे म्हातारे नर कुत्रे आता कामाचे राहिले नाहीत, त्यांची नसबंदी करून घ्या, तब्येतीला बरं. बापूसाहेब दचकले. म्हणाले, "नाय नाय डॉक्टर. बैलाचं वेगळं."

"काय वेगळं?"

त्यांनी पुष्कळ विचार केला आणि म्हणाले, "बैल औताचा असतो. ह्याला नाव असतं."

बैलालाही नाव असतं आणि बापूसाहेबांच्या बैलांना तर मोठी राजेशाही नावं होती. पण मला त्यांचं म्हणणं समजलं. दुसरे एक गृहस्थ होते, त्यांनी बायकोच्या आग्रहावरून कुत्र्याची नसबंदी केली. कुत्रं त्यांच्या स्कूटरच्या चाकावर रोज तंगडी वर करायचं, ते बंद होईल अशी त्यांची समजूत होती. तीन महिन्यांनी ते आले आणि तंगडी अजून वर होतेच म्हणून, केलेलं परत जोडता येतं का, असं गंभीरपणे विचारायला लागले. जी सवय कुत्र्याच्या अंगात वर्षानुवर्षं मुरली आहे ती सुरीनं जात नाही, हे मी त्यांना आधी नीट सांगायला हवं होतं.

केनलमधून निवृत्त झालेल्या नराचं तर आणखी निराळं. त्याचं सगळं आयुष्य या एकाच कामात गेलेलं असतं. माजावर आलेली कुत्री लोक त्याच्याकडं घेऊन येतात, तिला दोन दिवस ठेवतात, आणि पुढं पिल्लं झाली की नराच्या मालकानं त्यातलं पहिलं पसंतीचं पिल्लू उचलायचं, असा या धंद्यातला रिवाज आहे. आठ-नऊ वर्षांचा झाला की नर थकतो आणि मग कोणाच्या तरी घरी पाळीव म्हणून जातो. तिथं लोक विचारतात, डॉक्टर, आता ह्याची नसबंदी करायची का? करावी असं मला वाटतं, पण डोळे झाकून सांगता येत नाही. म्हातारपणी भूल देणं जोखमीचं. केल्यावर वजन वाढतं. स्वभावात फरक पडेलच असं नाही. न करावी तर वय वाढेल तशी प्रोस्टेटची ग्रंथी सुजते, गोटीत गाठ होण्याची भीती असते, आणि गल्लीत कुठं कुत्री माजावर आली की हा म्हातारा फाटक ओलांडून गाड्यांखाली जातो. कुत्र्याला तपासायचं, रक्त बघायचं, काळीज ऐकायचं आणि मगच ठरवायचं. हे सगळं मी मालकाला समजावून सांगायचो, आणि ते घशाखाली नीट उतरावं म्हणून शेवटी तो विनोद.

रॉकी हा बापूसाहेबांच्या केनलचा नर. पिवळसर रंगाचा, मोठ्या डोक्याचा, चेहऱ्यावर कायम कोणीतरी यायचं आहे असा भाव. त्याची देखभाल किसनराव साळवे करायचे. ते एका सरकारी कचेरीतून शिपाई म्हणून निवृत्त झालेले आणि नंतर या केनलवर कामाला लागलेले. उंच, सडपातळ, पांढरा सदरा रोज इस्त्रीचा. रॉकी थकला तेव्हा त्यांनीही काम सोडलं आणि जाताना बापूसाहेबांकडं एकच मागणी केली की रॉकी मला द्या. असा रॉकी छावणीत त्यांच्या दोन खोल्यांच्या घरी आला आणि रॉक्या झाला. घरात किसनराव आणि त्यांच्या पत्नी यमुनाबाई दोघंच. मूलबाळ नाही.

किसनरावांना मी मामा म्हणायचो. ते रॉक्याला लसीसाठी घेऊन आले तेव्हा रॉक्या नऊ वर्षांचा होता. यमुनाबाईही होत्या. त्यांची तक्रार होती की हा घरात दिवाणाच्या पायांवर मुततो आणि दोनदा पळून मिलिटरीच्या कुंपणापर्यंत गेला. शिवाय बापूसाहेब अधूनमधून येतात आणि एका कुत्रीसाठी एकदाच द्या म्हणून रॉक्याला मागतात. मी त्याला तपासलं. प्रोस्टेट थोडी मोठी लागली. मी विषय काढला, फायदे-तोटे सांगितले. किसनमामा ऐकत होते, पण हळूहळू त्यांची नजर कॅलेंडरकडं गेली. मला वाटलं, आलं, नेहमीचंच आलं.

मी म्हणालो, "मामा, अहो, त्याचं करायचंय, तुमचं नाही."

कोणी हसलं नाही. यमुनाबाईंनी मान खाली घातली. किसनमामा उठले, रॉक्याचा पट्टा हातात घेतला आणि नमस्कार करून निघून गेले. लसीचं कार्ड टेबलावरच राहिलं. माझ्या दवाखान्यात डॉ. फरहीन म्हणून तरुण डॉक्टर आहे, भूल देण्यात तिचा हात चांगला. ती माझ्याकडं बघत राहिली. मी तिला म्हणालो, म्हाताऱ्याला मर्दानगीचा प्रश्न वाटला. जुनी माणसं, चालायचंच. हे मी अगदी शांतपणे म्हणालो, याची आज मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

पाच महिने ते फिरकले नाहीत. मग एका दुपारी यमुनाबाईंचा फोन आला. रॉक्याला संडासला बसायला दहा-दहा मिनिटं लागतात, कळा देतो, उठतो, परत बसतो. आणि सकाळपासून लघवीच्या जागेतून थेंब-थेंब रक्त येतंय. मामांना दवाखान्यात यायचं नाही, पण तुम्ही घरी आलात तर ते नाही म्हणणार नाहीत, असं त्या म्हणाल्या. मी गेलो.

रॉक्या अंगणात भिंतीच्या सावलीला उभा होता. मला ओळखून त्यानं शेपटी हलवली, पण पाठ वाकलेलीच. हातमोजा घालून तपासलं. प्रोस्टेट चांगल्या मोठ्या लिंबाएवढी झालेली. ती मागच्या आतड्यावर दाब देत होती म्हणून शौचाला त्रास. ही ग्रंथी नराच्या स्रावावर पोसते. गोट्या काढल्या की तिचा खुराक तुटतो आणि काही आठवड्यांत ती आपोआप बारीक होते. गोळ्यांनीही उतरते, पण गोळ्या थांबल्या की पुन्हा वाढते. हे मी सांगितलं. माणसांतल्या म्हाताऱ्यांना देतात तशाच गोळ्या, असंही सांगितलं. यमुनाबाई आत गेल्या आणि एक पाकीट घेऊन आल्या. म्हणाल्या, "ह्ये घेत्यात तीच का?" तीच होती.

किसनमामा ओसरीवर बसून होते. मी म्हणालो, आता उशीर केला तर लघवी तुंबेल, जंतू शिरतील, मग ऑपरेशन करायलाही वाव राहणार नाही. तुम्ही फक्त एका कागदावर सही करा, बाकी माझ्यावर सोडा. हा कागद माझ्या मुलीच्या डोक्यातला. ती वकील आहे. सरकारी दवाखान्यात आम्हाला असलं काही लागायचं नाही, पण खासगीत लागतं म्हणून तिनं मला एक संमतिपत्र छापून दिलं होतं. बॅगेतून काढून मी ते मामांच्या पुढं केलं.

त्यांनी चष्मा लावला, कागद पूर्ण वाचला आणि मांडीवर ठेवला. मग माझ्याकडं न बघता बोलायला लागले. माझ्या वयाच्या माणसांना आठवत असेल, एक काळ असा होता की सरकारी कचेऱ्यांना नसबंदीच्या माणसांचा आकडा दिला जायचा. किसनमामा तेव्हा तेवीस वर्षांचे, एका कचेरीत रोजंदारीवर. लग्न झालेलं, आठ महिन्यांची एक मुलगी. कचेरीचा आकडा पुरा होत नव्हता. हेडक्लार्क म्हणाले, तुला कायम करायचं आहे, जीपमध्ये बस. जीप एका शाळेशी थांबली, तिथं नसबंदीचं शिबिर लागलेलं.

"मला सही येत व्हती, डाक्टरसाहेब. सातवी झालो व्हतो," मामा म्हणाले. "पण मला कागद दावलाच नाय. त्येंनीच माझ्या नावाखाली सही केली. नंतर मी बघितला तो कागद. 'स्वखुशीनं' असं छापलेलं व्हतं."

भीतीनं त्यांना तिथं चक्कर आली. शुद्धीवर आले तेव्हा ऑपरेशन उरकलेलं होतं आणि ते शाळेच्या बाकावर एकटेच होते. जीप गेली होती. ते चालत घरी आले. पुढच्या वर्षी तापात मुलगी गेली. मग कोणीतरी सांगितलं की परत जोडता येतं. तेही ऑपरेशन केलं, जमलं नाही. हे सगळं त्यांनी फार थोड्या शब्दांत सांगितलं. यमुनाबाई दारात उभ्या होत्या. त्यांना ते ऐकायची सवय नसावी, कारण त्या भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडं बघत होत्या आणि रडत होत्या.

"कायम मात्र केलं मला," मामा म्हणाले. "त्यात खोटं नाय."

पाच महिन्यांपूर्वी हसतहसत म्हटलेलं ते वाक्य माझ्या तोंडातून पुन्हा बाहेर पडतंय असं वाटत राहिलं. मला क्षमा करा, असं मी म्हणालो. ते पुरेसं नव्हतं म्हणून, कसं कोण जाणे, मी त्यांना पिशोरच्या गोऱ्ह्याची गोष्ट सांगितली. प्रथमच ती रंगवून न सांगता सांगितली. चिमटा, रजिस्टर, 'घेतली', खाली माझी सही.

मामांनी विचारलं, "ती बाई परत आली व्हती का दवाखान्यात?"

"नाही."

"येणार बी नाय," ते म्हणाले.

रॉक्या अंगणात पुन्हा बसायचा प्रयत्न करत होता. मला निघून जावंसं वाटत होतं आणि निघताही येत नव्हतं. शेवटी मामांनीच मला सोडवलं. गोळ्यांचं पाकीट उचलून म्हणाले, "माझी बी गाठ तीच, गोळी बी तीच. मग मला बी टेबलावर घेता का काय?" यमुनाबाई डोळे पुसतापुसता हसल्या. मला हसावं की नाही कळेना, मग मीही हसलो. माझा विनोद त्यांनी माझ्या हातातून काढून घेतला होता आणि तो त्यांच्या तोंडी शोभत होता.

मग त्यांनी चार दिवस मागितले. मी म्हणालो, विचार करायला वेळ घ्या, तोवर गोळ्या सुरू करू. ते म्हणाले, "इचार झाला. त्याला सांगायला टायम पायजे." कुत्र्याला हे कसं सांगणार, हे मी विचारलं नाही. त्या दिवशी पुरेसं बोललो होतो.

त्यांनी कसं सांगितलं ते मी पाहिलं. चारही दिवस संध्याकाळी ते रॉक्याला घेऊन चालत दवाखान्यात आले. पहिल्या दिवशी नुसते दारात बसले. दुसऱ्या दिवशी त्याला आतल्या खोलीत नेऊन टेबल हुंगू दिलं. तिसऱ्या दिवशी मामांनी आणि मी मिळून त्याला टेबलावर उचललं, पाच मिनिटं बसवलं, उतरवलं. मामा हळू आवाजात बोलत होते. हितं निजवत्याल. ही बाई सुई दील. मग तुला कळणार नाय. दुखंल, पर चार दिवस. फरहीन त्यांच्या शेजारी उभी राहून सगळं ऐकायची आणि चौथ्या दिवशी तिनंच रॉक्याला हात लावून हृदयाचे ठोके मोजले, रक्त घेतलं. रॉक्या हलला नाही. इतकी वर्षं मी जनावरं आडवी पाडली, दाव्यांनी बांधली, चार-चार माणसांनी दाबून धरली. असंही करता येतं हे मला कोणी शिकवलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही कधी शोधलं नव्हतं.

रक्त ठीक आलं. हृदयाच्या ठोक्यात थोडी कुरकुर होती. मी मामांना स्पष्ट सांगितलं की वय आहे, भुलीतून उठेलच अशी हमी मी देत नाही. ते म्हणाले, ह्ये सांगितलंत ते बरं केलं.

ऑपरेशनच्या सकाळी ते इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात आले. कागद मागितला. उभ्यानं, सगळा मोठ्यानं वाचला, रॉक्या पायाशी बसलेला. 'मी खाली सही करणार, माझ्या मालकीच्या प्राण्यावर स्वखुशीने' इथपर्यंत आले आणि थांबले. माझ्या कागदावरही तोच शब्द होता. मुलीनं कुठल्यातरी जुन्या नमुन्यावरून घेतला असणार, आणि मी तो कितीतरी लोकांपुढं सरकवला होता. मामांनी खिशातून पेन काढलं, त्या शब्दावर एक सरळ रेघ मारली आणि वर बारीक, वळणदार अक्षरात लिहिलं: 'गरज म्हणून, विचार करून'. मग खाली पूर्ण नाव लिहून सही केली. वडिलांच्या नावासकट.

"आता चालंल," म्हणाले.

ऑपरेशनच्या खोलीत मी कोणाला थांबू देत नाही. नातेवाईक चक्कर येऊन पडतात आणि मग दोन रोगी सांभाळावे लागतात. मी मामांना बाहेर बसायला सांगितलं. ते हलले नाहीत. फरहीन माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "सर, ये मामा बाहर नहीं जानेवाले. रहने दो." मी विचारलं, तुम्हाला बघवेल का? ते म्हणाले, "मी बघणारच नाय. मी त्याच्या डोक्याकडं बसतो. त्याला जाग यील तवा मी समोर पायजे."

त्यांना स्टूल दिलं. ते रॉक्याच्या तोंडाकडं बसले आणि पुढचा पाय हातात धरला. फरहीननं सुई दिली. पाय सैल पडला तरी त्यांनी सोडला नाही. काम पंचवीस मिनिटांचं. मी हे हात किती वेळा चालवले असतील, पण त्या दिवशी प्रत्येक गाठ मारताना मला माहीत होतं की समोर बसलेला माणूस माझ्याकडं बघत नाही, आणि तरी मी नीट करतोय ना याकडं त्याचं लक्ष आहे. मधे एकदा ठोके मंदावले. फरहीननं औषध दिलं आणि आम्ही दोघंही घड्याळाकडं बघत थांबलो. ठोके परत नीट पडायला लागले. मामांना तिनं काही सांगितलं नाही, पण त्यांनी आमचे चेहरे वाचले असावेत. त्यांनी दुसरा हातही त्या पायावर ठेवला.

शेवटचा टाका घातल्यानंतर रॉक्याला शुद्धीवर यायला नेहमीपेक्षा फार वेळ लागला. मी हातमोजे काढून उभाच होतो. बाहेर दोन मांजरं आणि एक सशाची पेटी घेऊन लोक बसले होते, त्यांना यमुनाबाई समजावत होत्या. मग रॉक्याची जीभ हलली. डोळे अर्धे उघडले, फिरले आणि मामांवर थांबले. शेपटीचं टोक एकदा टेबलावर आपटलं.

मामा त्याच्या कानाशी वाकले. "झालं रं. मी हाय हितंच. तुला सांगून केलं."

महिन्याभरात रॉक्याची ग्रंथी निम्म्याहून लहान झाली आणि बसणं-उठणं सरळ झालं. दिवाणाच्या पायांवरचं मात्र बंद झालं नाही, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. बापूसाहेब एकदा चौकशीला आले, टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकचा भोंगा अडकवलेला रॉक्या पाहिला आणि काही न मागता चहा पिऊन गेले. मामांनी त्यांना काय सांगितलं हे मला माहीत नाही. पुढं दोन महिन्यांनी बापूसाहेबांनी त्यांचे दोन म्हातारे नर माझ्याकडं पाठवले.

पिशोरला मी मध्ये एकदा जाऊन आलो. दवाखान्याची नवी इमारत झाली आहे, तो कडुलिंब अजून आहे. त्या बाईचं नाव मला कधी माहीतच नव्हतं. रजिस्टरात ते आम्ही लिहिलं होतं की मनानं रचलं होतं, हेही आठवत नाही. आवारात थोडा वेळ उभा राहिलो आणि परत आलो.

मामांनी रेघ मारलेला तो कागद माझ्या टेबलाच्या खणात आहे. नवीन कागद छापताना 'स्वखुशीने' हा शब्द काढून टाकला. मुलगी म्हणाली, कायद्यानं तो असायला हवा. मी म्हणालो, कायद्याला काय हवं ते तू बघ. शब्द काढला आणि खाली एक नवा रकाना घातला: शुद्धीवर येताना प्राण्याजवळ कोण बसणार? तिथं नाव लिहायचं. हल्ली एखादा मालक कॅलेंडरकडं बघायला लागला की मी विनोद करत नाही. सगळं नीट सांगतो, घरी जाऊन विचार करायला सांगतो आणि कागद देतो. तो परत आणल्यावर सही मागाहून बघतो, आधी तो रकाना बघतो. रिकामा असला तर त्या दिवशी ऑपरेशन करत नाही.